काळ्या मातीच्या पांदणीत फोर-बाय-फोर गाडी नेताना

विदर्भातील काळ्या मातीचे चिकण कण पाणी पिऊन फुगतात, म्हणूनच उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडणारे रान श्रावणात चाकाला असे लपेटते की टायरची नक्षीच बुजून जाते. गाडीत कितीही सुधारणा केलेल्या असल्या, तरी या मातीत उतरावे की नाही हे आधी जमिनीला विचारावे लागते. शेतकरी डवरणीला जाण्यापूर्वी वाफसा, म्हणजे मातीत कामापुरतीच ओल उरली आहे का, ते पाहतो, तसाच तो गाडीवाल्यानेही पाहावा. पांदणीतील मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच चिकटून राहिला तर मुरमाड वाट शोधावी किंवा दोन दिवस थांबावे.

सुधारणांचा पहिला पैसा टायरवर घालावा, कारण खोल आणि विरळ नक्षीचे मड-टेरेन टायरच फिरताना अंगचा चिखल झटकतात. गाडीचा सांगाडा उंच करणाऱ्या लिफ्ट किटची हौस अनेकांना असते. मात्र सलग ॲक्सलच्या (दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याने जोडलेल्या) गाडीत त्याने डिफरन्शियल, म्हणजे त्या दांड्यावरचा गिअरचा गोळा, तसूभरही वर जात नाही, ते केवळ मोठ्या टायरने जाते, आणि उंच झालेली गाडी धुऱ्यावर (बांधावर) कलंडण्याची भीती तेवढी वाढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत, म्हणून काहीही बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

चिखलात शिरण्यापूर्वीच फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी हळू, जोरकस गिअरची लो रेंज) टाकावा आणि टायरमधील हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर लांबट पसरून मातीवरचा भार वाटला जातो. 15 च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. हवा कमी असताना कापणी झालेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतात मुळीच शिरू नये, कारण तिरपे कापलेले खुंट टायरची बाजू भोसकतात. उभ्या पिकातून गाडी घालणे तर कोणत्याही कारणाने क्षम्य नाही.

ट्रॅक्टरची चाकोरी सोपी वाटते, पण ट्रॅक्टरचे पोट उंच असते आणि आपल्या गाडीचे डिफरन्शियल मधल्या उंचवट्यावर टेकून चारही चाके हवेत घिरट्या घालू लागतात. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवून, लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या ॲक्सिलरेटरवर पुढे जावे. पकड सुटू लागल्यास स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, म्हणजे टायरच्या कडांना नवी माती सापडते. तरीही गाडी सरकत नसेल तर लगेच थांबावे आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे. हट्टाने रेटलेला ॲक्सिलरेटर फक्त खड्डा खोल करतो.

रुतलेल्या चाकापुढची माती फावड्याने काढून तुराट्यांच्या पेंढ्या किंवा बारदाने घालावीत. ओढण्यासाठी दोर चॅसीसच्या हुकालाच बांधावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला तो कधीही बांधू नये, कारण ताणाखाली गोळा तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि माणूस मारतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणालाही, विशेषतः बघायला जमलेल्या पोरांना, उभे राहू देऊ नये.

हिवाळ्यात हिमाचलमधील अटल बोगद्यापलीकडे लाहौलच्या बर्फावर जाणाऱ्यांनी चिखलाची सवय घरी ठेवावी. तिथे चिखलातला वेग नव्हे, तर हलका पाय लागतो. ब्रेकऐवजी गिअरने वेग आवरावा आणि कडक बर्फावर टायरना साखळ्या चढवाव्यात.

डांबरी सडक लागताच फोर-बाय-फोर काढावा, अन्यथा चाकांना ताकद पोचवणाऱ्या गिअर आणि दांड्यांवर ताण येतो, आणि हवा पुन्हा भरावी. घरी आल्यावर रिमच्या आतली बाजू त्याच दिवशी धुवावी. तो चिखल वाळला की दगडासारखा होतो, दुसऱ्या दिवशी सडकेवर 60 च्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागते, आणि मग खुरपे घेऊन चाकाखाली आडवे पडावे लागते.