आजीच्या टीव्हीसाठी एकच बटण: सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी

आजीला दोन रिमोटचा घोळ नको होता. एक बटण दाबलं की टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोन्ही सुरू व्हावेत, बस्स. आर्डुइनोवर (प्रोग्राम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) हे काम एका रविवारात होतं, पण शनिवारी तयारी नीट झाली असेल तरच.

खरेदीला जाण्याआधी दोन्ही रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटणं दाबा. टोकाचा एलईडी जांभळट लुकलुकला तर तो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा. मागच्या कॅमेऱ्यात बरेचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा. जी बटणं लागणार ती सगळी तपासा. स्मार्ट टीव्हीच्या काही रिमोटमध्ये चालू-बंद तेवढं इन्फ्रारेडवर असतं आणि बाकीचं ब्लूटूथवर.

मग पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. आर्डुइनो उनो, ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल वाचणारा), ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी (दोन-तीन घ्या, स्वस्त असतात), २एन२२२२ ट्रान्झिस्टर (एलईडीला जास्त करंट देण्यासाठी), त्याच्या बेसला, म्हणजे उनोच्या पिनला जोडायच्या पायाला, १ किलोओहम आणि एलईडीला ४७ ओहमचा रेझिस्टर. ट्रान्झिस्टर गाळू नका. उनोच्या पिनकडून २० मिलिअँपिअरच्या वर मागायचं नसतं, आणि तेवढ्यावर पलंगापासून टीव्हीपर्यंत सिग्नल पोचेलच असं नाही.

रिसीव्हरचे पाय जोडताना थांबा. पुढून पाहिलं तर टीएसओपी१७३८ मध्ये डावीकडून ग्राउंड, पाच व्होल्ट, आउटपुट. व्हीएस१८३८बी मध्ये आउटपुट, ग्राउंड, व्होल्ट. दिसायला जुळे भाऊ. मी एक असाच जाळलाय.

आता खरं काम: कोड उतरवून घेणं. इंटरनेटवरच्या तयार याद्यांच्या मागे लागू नका, स्वतःचा रिमोट वाचा. आर्डुइनोच्या आयआररिमोट लायब्ररीतलं (तयार प्रोग्रामांचा संच) 'रिसीव्ह डंप' उदाहरण चालवा, रिमोटमध्ये नवे सेल घाला, प्रत्येक बटण तीनदा दाबा आणि प्रोटोकॉल (कोडची पद्धत), अ‍ॅड्रेस (कोणतं यंत्र), कमांड (कोणतं बटण) वहीत लिहा. यादी आणि वही जुळत नाही म्हणून मी एक संध्याकाळ घालवली. एलजीच्या पॉवर बटणाचा कोड जुन्या याद्यांत '२०डीएफ१०ईएफ' असा दिसतो, नवी लायब्ररी अ‍ॅड्रेस ४, कमांड ८ सांगते. कोड एकच, फक्त बिट वाचण्याची दिशा उलटी. बाकीचे 'डीएफ' आणि 'ईएफ' म्हणजे आधीच्या बाइटची उलट प्रत, चूक पकडण्यासाठी. सोनी असेल तर वाहक, म्हणजे एलईडी लुकलुकण्याचा वेग, ४० किलोहर्ट्झ आणि तोच कोड तीनदा पाठवायचा, हेही वहीत टिपा.

पॉवरचं बटण बहुतेक वेळा टॉगल असतं, म्हणजे एकाच कोडने चालू आणि बंद दोन्ही. टीव्ही आधीच चालू असेल तर आजीचं बटण तो बंद करील. काही टीव्हींना 'फक्त चालू'चा वेगळा कोड असतो, जो रिमोटवर नसतो. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलवर 'ई०ई०९९६६' चालतो. या एका कोडासाठी मात्र यादी शोधावीच लागते. तो मिळाला नाही तर टॉगलवर भागवा आणि आजीला आधीच सांगून ठेवा.

टीव्ही सुरू होऊन पुढचा कोड ऐकायला किती सेकंद घेतो ते घड्याळ लावून मोजा, प्रोग्राममध्ये तेवढा थांबा टाका. डबी कुठे बसेल तेही आजच ठरवा; तिथून दोन्ही यंत्रांच्या डोळ्यापर्यंत सरळ रेघ हवी. आणि जुने दोन्ही रिमोट फेकू नका, आजीच्या उशापाशी राहू द्या.