ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी : खाऱ्या हवेतल्या गाड्यांची तपासणी

पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचा, दोष-कोड आला, की बहुतेक गॅरेजांत थेट नवा सेन्सर बसवला जातो, आणि पुष्कळदा काही दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. कोड ही विसंगतीची नोंद असते. सेन्सर निकामी झाल्याचा तो निकाल नव्हे. रत्नागिरी, हर्णै, मालवण या भागांत खारा वारा बारा महिने आणि पाऊस चार महिने गाडीच्या खालच्या अंगाला लागत असल्यामुळे सेन्सरच्या आधी वायर, कनेक्टर आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यावर संशय घ्यावा.

कोड नीट वाचावा. पी०१३५ आणि पी०१४१ हे अनुक्रमे पहिल्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या) आणि दुसऱ्या (त्याच्या नंतरच्या) सेन्सरच्या हीटर सर्किटचे, म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या तारेच्या जोडणीचे, कोड आहेत. पी०१७१ आला असेल, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे एवढेच कळते. त्याचे कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप (इंजिनाच्या हवा ओढण्याच्या बाजूला जोडलेली नळी) किंवा पेट्रोल फवारणारा तुंबलेला इंजेक्टरही असू शकतो.

इंजिन थंड असताना सेन्सरपासून निघालेली वायर कनेक्टरपर्यंत डोळ्यांनी तपासावी. ती तापलेल्या पाइपला टेकून वितळली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, हे पाहावे. कनेक्टर उघडल्यावर पितळी पिनांवर हिरवट थर दिसला, तर दोष बहुधा तिथेच सापडतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना स्वच्छ करून पूर्ण वाळू द्याव्यात. मात्र कनेक्टर ग्रीसने भरू नये, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात आणि ती वाट बुजली की चांगला सेन्सरही चुकीचे वाचन देतो.

यानंतर सायलेन्सरचा पाइप पाहावा, आणि इथे घाई करू नये. पहिल्या सेन्सरच्या आधी गंजून पडलेले बारीक छिद्र किंवा जळालेले गॅस्केट असेल, तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडते आणि प्लग काळे होतात. अशा वेळी नवा कोरा सेन्सरही तेच सांगणार. थंड इंजिन सुरू करून सोबत्याला मागचे टोक जाड कापडाने क्षणभर अर्धवट झाकायला सांगावे. गळती असल्यास फुसफुस ऐकू येते आणि जोडाभोवती काजळीचा काळा फराटाही दिसतो. हे काम उघड्यावरच करावे.

हीटर मल्टिमीटरने तपासता येतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या, बहुधा पांढऱ्या, दोन वायरी हीटरच्या असतात. थंड सेन्सरमध्ये त्यांच्यातला रोध साधारणपणे काही ओहम ते पंधरा ओहमच्या आसपास मिळतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. वाचनच मिळाले नाही, तर हीटर तुटला आहे. रोध योग्य असूनही कोड येत असेल, तर गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर इंजिन सुरू असताना बॅटरीचा व्होल्टेज येतो का ते पाहून फ्यूज तपासावा. सिग्नलच्या वायरींवर रोध मोजू नये.

खरी कसोटी चालू इंजिनावरच होते. इंजिन पूर्ण तापल्यावर २,००० ते २,५०० आरपीएमवर दोन मिनिटे चालवून स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज पाहावा. साध्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये (हा नेहमीचा प्रकार) तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर होतो. तो एकाच ठिकाणी अडकला असेल, तर व्हॅक्यूमचा एक छोटा पाइप क्षणभर सोडावा, वाचन ०.२ च्या खाली यायला हवे. मग पाइप लावून ॲक्सिलरेटर झटकन दाबावा; ते ०.८ च्या वर जायला हवे. दोन्हींना प्रतिसाद मिळाला, तर सेन्सर निर्दोष आहे आणि दोष मिश्रणात शोधावा. वायरी ठीक असूनही तो ढिम्म राहिला, तरच तो बदलावा. दुसऱ्या सेन्सरचे वाचन जवळपास स्थिर असते. ते पहिल्याच्या तालावर हलू लागले, तर शंका कॅटलिटिक कन्व्हर्टरची घ्यावी. वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण अधिक नेमके मोजणारा वेगळ्या प्रकारचा, सेन्सर असलेल्या गाड्यांना मात्र हे आकडे लागू होत नाहीत.

बदलायचाच झाला, तर वायर कापून जोडावा लागणारा स्वस्त युनिव्हर्सल सेन्सर किनाऱ्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो जोड खाऱ्या हवेत लवकर खराब होतो. जुना सेन्सर गंजून धरलेला असतो. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबावे आणि वायरीसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट वापरावा. काढलेल्या सेन्सरच्या टोकावर काळी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे, आणि ते कारण दूर केल्याशिवाय नवा बसवू नये. नव्या सेन्सरच्या आट्यांवर अँटी-सीझ पेस्ट (आटे धरू नयेत म्हणून लावायची) आधीच लावलेली नसेल तर ती पातळ लावावी, पण टोकाला लागू देऊ नये.