किमोनंतर वजन उतरवायचंय? आधी आठ मिनिटं चाला

कॅन्सरचे उपचार संपतात, काट्यावर सहा-सात किलो जास्त दिसतात आणि दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद होतं. हीच पहिली चूक. किमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे भूक वाढते, चरबी साठते. त्याच काळात पडून राहिल्यामुळे मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू झिजतात. म्हणजे वजन वाढलेलं असतं आणि ताकद कमी झालेली असते. उपाशी राहिलात तर चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातील, मग जिना चढणंही जड होईल. म्हणून क्रम असा: आधी दम, मग ताकद, वजन शेवटी.

व्यायामाला डॉक्टरांची परवानगी आहे, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून झालंय, डोक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी कॅन्सरची औषधं घेतली असतील तर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय, हे धरून पुढे लिहितो. हाडांत आजार असेल किंवा पोटावर स्टोमा (शौच किंवा लघवीसाठी ऑपरेशनने केलेली वाट) असेल, तर ताकदीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिका.

पहिले तीन महिने: चालणं

सगळे इथेच अडकतात. कॅन्सरनंतरचा थकवा साध्या दमणुकीसारखा नसतो. तो झोपून जात नाही, आणि जास्त चाललात तर त्याची वसुली बहुधा दुसऱ्या दिवशी होते. एखाद्या सकाळी बरं वाटतं, माणूस इंदूरच्या पिपल्यापाला पार्कात पाऊण तास फिरून येतो, घरी येऊन कपाटही आवरतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी पुन्हा बरं वाटतं, पुन्हा तेच. महिनाभर हे चालतं आणि शेवटी ‘मला व्यायाम झेपत नाही’ असा निकाल लागतो. व्यायाम झेपतो. हिशोब चुकलेला असतो.

हिशोब असा करा. तुमच्या वाईट दिवशीही जेवढी मिनिटं चालता येतं, तोच तुमचा आकडा. समजा 8 मिनिटं. मग रोज 8च, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या थकव्याला 0 ते 10 पैकी गुण लिहा. रात्री लिहू नका. रात्रीचा आकडा फसवतो, सकाळचा खरं सांगतो. आठवडाभर हे गुण वाढले नाहीत, तर प्रत्येक फेरीला 2 मिनिटं वाढवा. लागोपाठ दोन सकाळी गुण चढले, तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर या. या चालीने 8 वरून 30 मिनिटांवर जायला अकरा आठवडे लागतात, मध्ये सर्दी-खोकला झाला तर जास्त. लागू द्या.

चांगल्या दिवशी घड्याळ वाजलं की थांबायचं, पाय चालत असले तरी. वाईट दिवशी निम्मं चालायचं, पण शून्य नको. यातलं पहिलं जास्त अवघड आहे आणि घरचे त्यात भर घालतात: ‘आज तर छान दिसतेस, चल राजवाड्यापर्यंत जाऊन येऊ.’ नाही म्हणा.

आणखी एक खड्डा म्हणजे परतीचा रस्ता. सरळ लांब जाऊ नका, दमल्यावर तेवढंच अंतर परत यायचं असतं. नेहरू पार्क असो की कॉलनीचं मैदान, फाटकाजवळ छोट्या फेऱ्या मारा. वेग एवढाच, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरात. मालव्याच्या रात्री गार असतात हे खरं, पण जेवणानंतरची शतपावली सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन थांबते हेही तेवढंच खरं. पायाची बोटं बधिर असतील तर चपलेऐवजी बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा, फोड आलेला कळत नाही.

ताकद

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. खुर्चीवरून हात न टेकता 8 वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून 8 दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. अर्धा लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो, सुरुवातीला पुरे.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांना ‘त्या बाजूच्या हाताने काही उचलू नकोस, सूज येईल’ हा सल्ला आजही मिळतो. तो जुना आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात हाताला सूज असलेल्या 141 बायकांनी भाग घेतला. देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. शब्द ‘हळूहळू’ आहे, तो गाळू नका. त्या हातातली बांगडी किंवा अंगठी घट्ट वाटू लागली, तर वजन थांबवा आणि दाखवून या.

आता वजन

तीस मिनिटं चालणं आठवड्यातून तीन-चार दिवस सहज होऊ लागलं की मगच. महिन्याला दीड-दोन किलो पुरे.

65 किलोच्या माणसाला रोज 65 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). शाकाहारी ताटात ती अशी बसतात: दोन वाट्या घट्ट वरण, 100 ग्रॅम पनीर, पाव लिटर दूध, वाटीभर दही, 30 ग्रॅम सोया वडी आणि चार फुलके. सोयाला घाबरू नका. स्तनाच्या कॅन्सरनंतर आहारातला सोया चालतो, सोयाच्या गोळ्या नकोत. वजन कमी करणाऱ्या पावडरी आणि काढे पूर्ण बंद, यकृतावर आधीच औषधांचा भार असतो.

कमी काय करायचं? इंदूरच्या घरात उत्तर एकच, सेव. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम सेवेत साधारण 160 कॅलरी असतात, जवळजवळ दोन फुलक्यांएवढ्या. आणि ती पोह्यांवर, वरणावर, भाजीतही पडते. पोह्यांवर एक चहाचा चमचा, बाकी चव जीरावन मसाल्यावर आणि कांद्यावर सोडा. पोहे अर्धी प्लेट, सोबत वाटीभर उकडलेले मूग. जलेबी रविवारी, एकच. अशक्तपणा जावा म्हणून मावशी-काकू पाठवतात ते डिंकाचे लाडू प्रेमाने घ्या आणि शेजारी वाटा.

काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी. कंबरेचं मापही टेपने घ्या, स्नायू भरत असतील तर आकडा हलत नाही पण कंबर हलते.

छातीत दुखणं, चक्कर, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, एकाच पोटरीला सूज, रात्री हाडात नवं दुखणं: यातलं काहीही आलं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि काही न करता वजन आपोआप उतरायला लागलं तर खूश होऊ नका, त्याच आठवड्यात दाखवा.