केपचे नाजूक कंद: ग्रीनहाउसमध्ये पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं

लॅशेनॅलिया, फ्रीशिया, नेरिन (इथे सार्निएन्सिस ही जात) हे फुलांचे कंद ग्रीनहाउसमध्ये थंडीपेक्षा अवेळी घातलेल्या पाण्यानंच जास्त दगावतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात, जिथले हे कंद, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून ते हिवाळ्यात वाढतात, उन्हाळ्यात झोपतात. (युकोमिस या दक्षिण आफ्रिकेतल्याच दुसऱ्या कंदाचं गणित उलटं. तो उन्हाळी पावसाच्या पट्ट्यातला, त्याला हिवाळ्यात कोरडं ठेवायचं.)

उन्हाळा सरत आला की लागवड करा. माती आणि जाड वाळू किंवा पेरलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) निम्मं-निम्मं घ्या. निचरा झालाच पाहिजे. 15 सेंमीच्या कुंडीत लॅशेनॅलियाचे पाच-सहा कंद बसतात, वर दोन-तीन सेंमी माती पुरे. फ्रीशिया थोडा खोल लावा. नेरिनच्या कंदाची मान मात्र मातीच्या वर राहू द्या.

पहिलं पाणी एकदाच, भरपूर. मग कोंब वर येईपर्यंत हात आखडता घ्या. नेरिनला तर फुलाच्या दांड्याचं टोक दिसल्यावरच पाणी सुरू करा; त्याची फुलं शरदात, बहुधा पानांच्या आधी येतात. उन्हात पाकळ्यांवर सोन्याची पूड भुरभुरल्यासारखी चमक दिसते. तेवढ्यासाठी तरी एक कुंडी ठेवावीच.

रात्रीचं तापमान 5 ते 7 अंश सेल्सिअस पुरतं. माती गोठू देऊ नका, पण उबेचा अतिरेकही नको, त्यानं पानं लांबडी होऊन लोळतात. फ्रीशिया तसाही झुकतो, काड्यांचा आधार लागतोच. कोरड्या दिवशी झडपा उघडा, नाहीतर बुरशी धरते. पानं वाढत असताना दर पंधरा दिवसांनी पालाश जास्त, नत्र कमी असलेलं पातळ खत द्या.

लॅशेनॅलियाच्या कित्येक जातींच्या पानांवर जन्मतःच जांभळट-तपकिरी ठिपके असतात. रोग समजून औषध मारत बसू नका. नेरिनच्या मानेतल्या सालपटांत कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं पुसून काढा.

फुलं संपली की कुंडी विद्रूप दिसते आणि कात्रीकडे हात जातो. आवरा. पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या जोरावर येतं. ती पिवळी पडू लागली की पाणी कमी करा, पूर्ण वाळल्यावर बंद, आणि कुंड्या कोरड्या जागी ठेवून द्या. लॅशेनॅलिया या काळात उकरून वेगळा करता येतो. नेरिन उगाच हलवू नका. दाटीवाटीतच तो जास्त फुलतो.