एक मत खटकले, तर बाकीच्या म्हणण्याचे काय करावे?

एखाद्याचे एक मत घृणास्पद वाटले, की त्याचे बाकीचे सगळे म्हणणेही झटकून टाकावेसे वाटते. हा राग पुष्कळदा न्याय्यच असतो; पण त्या भरात आपण उपयोगाचे असेही काही नाकारतो, म्हणून आधी थोडी तपासणी करावी.

ते मत खरोखर त्याचेच आहे का, हे प्रथम पाहावे. ऐकीव वाक्यावर न विसंबता पूर्ण विधान, त्याचा प्रसंग आणि नंतर त्याने ते मागे घेतले का, हे जाणून घ्यावे.

मग ज्या म्हणण्याविषयी निर्णय करायचा आहे, ते कशाच्या आधारावर उभे आहे ते शोधावे. समजा, खाजन शेतीची, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीची, खडान्‌खडा माहिती असलेला एक शेतकरी परप्रांतीय मजुरांविषयी हीन बोलतो. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारे कुजल्यामुळे भरतीचे खारे पाणी शेतात शिरत आहे, असे तो ग्रामसभेत सांगतो, तेव्हा भरतीच्या वेळी तिथे जाऊन कोणालाही त्याची शहानिशा करता येते. मात्र बांध मजुरांनीच फोडला, असे तो म्हणाला, तर त्याचा पूर्वग्रह त्या आरोपातच मिसळलेला असण्याचा संभव मोठा आहे, आणि स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत तो आरोप मान्य करू नये. ज्या गोष्टीला केवळ त्याच्या शब्दाचाच आधार आहे, तिथे अधिक सावध राहावे. आपले मत रेटण्यासाठी त्याने आकडे बनवले किंवा घडलेले दडवले असेल, तर तो दोष त्या मतापुरता राहत नाही, आणि त्याच्या प्रत्येक साक्षीवरचा विश्वास कमी करणे योग्यच ठरते.

ट्रान्झिस्टरच्या संशोधनासाठी १९५६ चे नोबेल इतर दोघांसह मिळवणाऱ्या विल्यम शॉकली यांनी पुढे कृष्णवर्णीयांची बुद्धी आनुवंशिकतेनेच कमी असते, असा प्रचार केला. त्यामुळे ट्रान्झिस्टर खोटा ठरला नाही. तसेच नोबेलमुळे त्यांना आनुवंशिकतेवर बोलण्याचा अधिकारही मिळाला नाही. ही दुसरी बाजू लोक फार सहज विसरतात.

गोव्यात ही कसोटी आपल्या बाजूलाही लावावी लागते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते, आणि ती भूमिका ज्यांना आजही अक्षम्य वाटते, त्यांनी बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगावी उघडलेल्या शाळांचे मोल त्यासाठी कमी लेखू नये. त्याचप्रमाणे मराठीला राजभाषेचे स्थान नको म्हणणाऱ्या अभ्यासकाचे जुन्या कागदपत्रांवरील काम आपण मराठीप्रेमींनी न वाचता बाजूला सारू नये. त्याने दिलेले संदर्भ पणजीच्या पुराभिलेखागारात ताडून पाहता येतात.

एखाद्याचे म्हणणे तपासून स्वीकारणे आणि त्या माणसाला मानाचे पद देणे, या दोन गोष्टी मात्र कधीही एक समजू नयेत. मजुरांना तुच्छ लेखणाऱ्याचा मानशीविषयीचा सल्ला घ्यावा, पण मजुरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर त्याला नेमू नये. आणि ज्याचा अपमान झाला आहे, त्याने त्याच माणसासमोर बसून ऐकून घ्यावे, असा आग्रह कोणी धरू नये; मुद्दा खरा असेल तर इतरांनी तो पडताळून आपल्या तोंडाने सभेपुढे ठेवावा.