मॉरिशसला जाताय? आधी पंचांग उघडा

विमानाचं तिकीट नंतर काढा. आधी पंचांग उघडा, मग वारा कुठून वाहतो ते बघा. मॉरिशसला मी तीनदा गेले (भाची तिथे नोकरीला आहे, राहायची सोय फुकट). पहिल्या खेपेला यातलं काहीच न बघता जानेवारीत गेले आणि आठातले चार दिवस तिच्या खिडकीतून पाऊस बघत काढले.

जानेवारी ते मार्च हा तिथला वादळांचा मोसम. इशारे 1 ते 4 असे चढत जातात. 3 लागला की बसगाड्या बंद आणि माणसं घरात. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, हवा कोरडी आणि गोड. पण याच दिवसांत आग्नेयेकडचा वारा पूर्व किनाऱ्यावर असा सुटतो की डोळ्यांत वाळू जाते. म्हणून हिवाळ्यात मुक्काम पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला किंवा उत्तरेला ठेवा. पूर्वेचे किनारे नोव्हेंबर-डिसेंबरसाठी राखून ठेवा. मधल्या पठारावर क्युरपीपला गेलात की किनाऱ्यावरचं ऊन मागे राहतं आणि भुरभुर सुरू होते. पिशवीत पातळसा स्वेटर असू द्या. हसू नका, मी हसले होते.

आता पंचांग. महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस गाठता आले तर बाकी कार्यक्रम मोडून गाठा. गंगा तलाव हे जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं. 1972 साली त्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं. एरवी इथे 108 फुटी शंकराची मूर्ती, माकडं आणि फोटो काढणारे पर्यटक एवढंच दिसतं. शिवरात्रीच्या आधी मात्र बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं पांढऱ्या कपड्यांत चालत निघतात. खांद्यावर बांबूची कावड, तिला रंगीत कागद, आरसे, घंटा. काही कावडी तर रथाएवढ्या, दहा-बारा पोरं ढकलत नेतात. तळ्याचं पाणी भरून घ्यायचं आणि आपल्या गावच्या पिंडीवर नेऊन घालायचं. आमच्याकडची वारी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मोटार घेऊन जाऊ नका, रस्त्यात अडकाल. शेवटचे सात-आठ किलोमीटर त्यांच्याबरोबर चाला. वाटेत मांडव लागतात, तिथे सरबत, पुऱ्या, भाजी हातात ठेवतात. पैसे विचारले तर रागावतात. मला एका आजींनी पाणी दिलं आणि भोजपुरीत काहीतरी विचारलं. मी मराठीत उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळलं असावं. तळ्याच्या काठी चपला काढा आणि पूजा करणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा धरू नका.

ही माणसं इथे आली कशी, हे आधी बघायचं असेल तर पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर अर्धा तास काढा. 1834 पासून करारावर मजूर आणले गेले, सगळे मिळून चार लाखांहून जास्त. बोटीतून उतरून चढायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. बघायला फार काही नाही. पण मुंबई बंदरातून आलेल्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती, हे ठाऊक असलं की त्या पायऱ्यांवरून झरझर चढवत नाही.

बंदराजवळच्या बाजारात डाळपुरी खा. 'एन पेर' म्हणजे एक जोडी मागायची. एकटी पुरी कुणी मागत नाही. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून-दळून आत भरलेली मऊ पोळी, वर घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा, चटणी. पहिल्या घासाला मी थबकले. ही तर गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी! विक्रेता 'पिमा?' विचारतो, म्हणजे मिरची. हो म्हणताना जपून. दुपारनंतर गाड्या रिकाम्या होतात, म्हणून सकाळीच जा.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच दाखवतात. बेसॉल्टची झीज होऊन मागे राहिलेल्या लोह-अॅल्युमिनियमने ते रंग दिलेत, म्हणजे आमच्या जांभ्याची दूरची बहीण. भर दुपारी गेलात तर रत्नागिरीचा सडा बघून आल्यासारखं वाटेल. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. जवळचा ल मोर्न डोंगर 556 मीटरचा. पळालेले गुलाम याच्या कड्यांत लपून राहत. चढायचं असेल तर पहाटे निघा. वरचा टप्पा खडकाला हात घालत चढायचा आहे. माझे गुडघे खालूनच नमस्कार करून परतले.

पक्ष्यांची आवड असेल तर माएबूरजवळून होडीने इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर जाता येतं. तिथे वाटाड्याबरोबरच फिरायचं. मूळची मोठी कासवं नाहीशी झाली, म्हणून सेशेल्समधल्या आल्दाब्रा बेटाहून दुसरी आणून सोडली आहेत. ती फळं खातात, बिया पुढे नेतात, पूर्वीच्या कासवांचं काम पुरं करतात. डोडो सतराव्या शतकातच संपला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मॉरिशसचा ससाणा 1974 साली अवघा चार पक्ष्यांवर आला होता आणि माणसांनी हाताने वाढवून तो परत आणला, ही गोष्ट वाटाड्याकडून जरूर ऐका. डास चावतात, पायघोळ कपडे घाला.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, म्हणून आतलं पाणी शांत असतं. दक्षिणेला ग्रीग्रीला ते कडं तुटतं आणि लाटा थेट कातळावर आदळतात. तिथे फक्त बघायचं, उतरायचं नाही. शांत पाण्यात उतरतानाही रबरी बूट घाला. दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा तळाशी असतो. तो टोचला तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. माझ्या नशिबी तो नव्हता, काळ्या काट्यांचा गोळा, म्हणजे समुद्री अर्चिन होता. तीन काटे टाचेत, आणि भाचीने सुईने काढताना मला शाळेतल्या पोरीसारखं दटावलं.

सेगा नाच हॉटेलात बघू नका. रविवारी दुपारी सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसा. घरची पातेली घेऊन सगळी कुटुंबं येतात आणि कुणीतरी राव्हान काढतो. बकऱ्याचं कातडं लावलेला हा पसरट डफ आधी जाळावर धरून तापवतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा तापवतात. आवाज चढला की मगच गाणं. गुलामांच्या वस्तीत जन्मलेला हा नाच, पावलं वाळूवरून उचलायची नाहीत, नुसती सरकवायची. बोलावलं तर उठा.

आणि भाद्रपदात गेलात तर गणपती आहेच. तिथे त्याची सरकारी सुट्टी असते, बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची. मराठी घरांत बोलणं आता तिथल्या क्रिओल भाषेत, पण आरती 'सुखकर्ता'च, आणि अंगणात कोकणातली जाखडी. ओळख नसली तरी दारात उभं राहून नमस्कार केलात तर आत घेतात. मिरवणुकीबरोबर समुद्रावर जा, टाळ हातात देतील तो वाजवा. पाण्यात उतरणार असाल तर ते रबरी बूट विसरू नका. मूर्ती धरणारी पोरंही घालूनच उतरतात.