सामना संपल्यानंतरची वीस मिनिटं

मी सोळा वर्षं लहान मुलांना बॅडमिंटन शिकवते आहे. त्यातली नऊ वर्षं मी एका खेळणाऱ्या मुलीची आईही होते. कोर्टवर शहाण्यासारखी वागायचे आणि गाडीत बसले की सगळं शहाणपण गुंडाळून ठेवायचे.

लेक बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या गेममध्ये १७-१४ अशी पुढे असताना तिने सामना घालवला. पार्किंगमधून गाडी बाहेर पडायच्या आत मी विचारलं, "सतराला असताना शॉर्ट सर्व्हिस सोडून लाँग का टाकायला लागलीस?" प्रश्न अगदी बरोबर होता. पण तिने सीटवर मान टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, दमली असेल. पुढच्या स्पर्धेनंतरही ती झोपली, त्याच्या पुढच्याही. जिंकली की मात्र घर येईपर्यंत टक्क जागी. यातली संगती माझ्या ध्यानात यायला सहा महिने लागले, तेही धाकट्याने "ताई झोपलेली नाहीये, नाटक करते" असं फोडल्यावर.

म्हणून खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना आणि कोचना चार गोष्टी सांगायच्या, तर सुरुवात तिथूनच. घरी परतताना काय करायचं? पाणी द्या. "मागे आडवी होतेस का?" असं विचारा. मग गप्प बसा, आणि ते गप्प बसणं रागाचं वाटणार नाही याची काळजी घ्या. रेडिओ चालतो, रस्त्यात दिसलेलं कुत्रंही चालतं. "तुला खेळताना बघायला मजा आली" असं म्हणावं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही म्हणून पाहिलं. लेकीने विचारलं, "हे कुठे वाचलंस?" पाठ केलेलं वाक्य मुलांना लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा खरोखर नजरेत भरलेली एखादी बारीक गोष्ट सांगा. "ती लाइनवरची शटल आत पडली हे तू स्वतःहून सांगितलंस, ते पाहिलं मी." तसं काही दिसलं नसेल तर काहीच बोलू नका.

मुलाने स्वतःहून विषय काढला तर ऐका, फक्त ऐका. उपाय सुचवायला जीभ वळवळली की दुसऱ्या दिवसापर्यंत धरून ठेवा. तेव्हाही एकच प्रश्न पुरे: "आता कोर्टवर कशावर काम करणार?" आणि जिंकल्यावरही हाच नियम. जिंकलेल्या दिवशी तुम्ही बडबडे आणि हरलेल्या दिवशी मुके असाल, तर मूल तुमच्या शब्दांकडे लक्षच देणार नाही, दोन दिवसांतला फरक तेवढा मोजेल.

आता गॅलरीबद्दल. एकदा माझ्याकडच्या अकरा वर्षांच्या मुलाचा सामना मी कागद-पेन घेऊन पाहिला. रॅली संपली की तो वर पाहायचा. एका गेममध्ये एकोणीस वेळा. वर त्याचे बाबा बसले होते. ते ओरडत वगैरे नव्हते, फक्त कपाळाला हात लावत होते. पॉइंट गेला की मुलगा आधी बाबांच्या कपाळाकडे बघणार, मग सर्व्हिस घ्यायला जाणार. मी त्यांना तो कागद दाखवला. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. पुढच्या सामन्याला पलीकडच्या कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला जाऊन बसले. मुलाने पहिल्या गेममध्ये सात-आठ वेळा त्यांना शोधलं, नंतर विसरला.

माझ्या वर्गाच्या पालकांसाठी मी एकच नियम केला आहे: गॅलरीतून क्रियापद उच्चारायचं नाही. "शाब्बास" चालेल, "वा" चालेल, टाळ्या दोन्ही बाजूंना चालतील. "मागे जा", "उचल", "मार", "पाय हलव" चालणार नाही. शटल रॅकेटवरून सुटून पलीकडे पोहोचायला अनेकदा एक सेकंदही लागत नाही. तुमचं "मागे जा" कानात शिरेपर्यंत शटल डोक्यावरून गेलेली असते. वर कोचने नेमकं उलटं सांगितलेलं असेल तर मूल कोर्टच्या मधोमध उभं राहतं, अक्षरशः. अकराव्या पॉइंटला मिळणारी मिनिटभराची विश्रांती कोचची असते. तेव्हा कठड्यावरून वाकून बोलू नका. हात रिकामे राहिले की तोंड सुटतं, म्हणून मी सामन्याला विणकाम घेऊन जायचे. गुणलेखनही करून पाहिलं होतं, पण त्याने उलट जास्त चिडचिड व्हायची.

कामाची वाटणी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावी. माझ्या मते ती अशी: खेळ कोचकडे, मूल पालकांकडे आणि निकाल मुलाकडे. झोप, वेळेवर आणणं-नेणं, अभ्यास, दुखणं-खुपणं, रडणं हे तुमचं खातं. ग्रिप, पायांच्या हालचाली, कोणाशी कोण खेळणार हे आमचं. रॅकेट बॅगेत भरणं आणि पाण्याची बाटली विसरल्याचे परिणाम भोगणं, हे आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलाचं स्वतःचं.

पहिल्या भेटीत कोचला काय विचाराल? एका वेळी किती मुलं घेता, लागलं तर काय करता, स्पर्धेला कोणाला पाठवायचं हे कसं ठरवता, मी कुठे बसू, तुमच्याशी कधी बोलू. आणि सांगाल काय? दमा आहे का, नुकतं घर बदललंय का, घरात काही ताण आहे का, मूल कशाला घाबरतं. एका मुलीला मी तीन आठवडे "लक्ष नाही" म्हणून रागावत होते. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं आणि चष्मा बॅगेत होता. हे घरच्यांना माहीत होतं, मला नव्हतं. "निवड कधी होईल?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारणाऱ्यांना मी हसून टाळते. त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

निवडीवरून आठवलं. वयोगट १ जानेवारीला कापला जातो तिथे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात खेळतं. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी दिसली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे इतर खेळांतही असंच आढळलं. आपण ज्याला गुण म्हणतो तो पुष्कळदा नुसता वाढीव इंच असतो. तेव्हा कोचमंडळी, यादी करताना जन्ममहिना शेजारी लिहा. आणि डिसेंबरवाल्यांचे पालक, थोडा दम धरा. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियमच केले. तिथे मूल ११ वर्षांचं होतं त्या वर्षापर्यंत निकालाचे तक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाला १३ वर्षांच्या आधी प्रवेश नाही. याच देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे ३९ पदकं मिळवली. ती या नियमांमुळेच मिळाली असं मी म्हणणार नाही, बर्फही भरपूर आहे त्यांच्याकडे. पण लहानपणी क्रमांक लावले नाहीत तर देश खेळात मागे पडतो, हा दावा तेवढ्यापुरता बाद.

आता शरीर. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा आणि कोचला दाखवा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. त्या महिन्यांत हातपाय लांबतात आणि कालपर्यंत जमणारा ड्रॉप, म्हणजे नेटपलीकडे अलगद टाकायचा फटका, आज नेटमध्ये जातो. त्याला आळशी ठरवणारा कोच अडाणी. याच काळात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग नाजूक असतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते ऑसगुड-श्लाटर नावाचं वाढत्या वयातलं दुखणं असू शकतं, टाचेच्या मागे दुखत असेल तर तसंच सिव्हर नावाचं. बहुतेकदा उड्या आणि धावणं कमी केल्यावर उतरतं, पण निदान डॉक्टर करतील, मी किंवा तुम्ही नाही. "सहन कर, सवय होईल" हे वाक्य वाढत्या मुलाला ऐकवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी, वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून पूर्ण रजा. ही रजा एकदम घ्यायची गरज नाही, एकेक महिन्याचे तुकडे चालतात. आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, हा दुसरा ठोकताळा. दहा वर्षांच्या मुलाला अठरा तास खेळवणारे पालक मी पाहिले आहेत. डोक्याला मार बसल्याची शंका आली तर त्या दिवसाचा खेळ संपला, मूल कितीही "ठीक आहे" म्हणालं तरी. यावर वाद नको.

कोचबंधूंसाठी थोडं. मुलाला चढवून ठेवू नका म्हणताना पालक मला दर दोन महिन्यांनी आचरेकर सरांचा दाखला देतात. सचिन तेंडुलकरने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं, की २९ वर्षांत सर एकदाही "छान खेळलास" म्हणाले नाहीत. खरं आहे. पण त्याच भाषणात हेही होतं, की सामन्यांचा सराव मिळावा म्हणून सर त्याला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे. ते वाक्य लोक विसरतात. कौतुक न करणं सोपं आहे, स्कूटर काढणं अवघड. मी तर म्हणते कौतुक करावं, पण नेमकं. "छान" ऐकून मुलाच्या हाती काही लागत नाही. "या वेळी रॅकेट आधीच वर होती" हे ऐकलं की पुढच्या वेळी ती वर राहते. आणि मिनिटभराच्या विश्रांतीत दोनच गोष्टी सांगाव्यात. मी पूर्वी सात सांगायचे. मुलं मान डोलवायची आणि आठवीच काहीतरी करायची.

सुरक्षिततेचे नियम पहिल्या दिवशीच ठरवा, संशय येण्याची वाट पाहू नका. बंद दाराआड एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस नको. मुलाला पाठवलेला प्रत्येक निरोप पालकांनाही जायला हवा. हात धरून ग्रिप सुधारायची तर आधी विचारायचं. सराव कधीही, न सांगता बघता यायला हवा. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला लैंगिक शोषणाबद्दल २०१८ मध्ये शिक्षा होताना दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली. त्यांतल्या काहींच्या बाबतीत पालक त्याच खोलीत होते. नावाजलेल्या माणसावर शंका कशी घ्यायची, हा संकोच फार महागात पडतो.

संकोचाचा माझाही अनुभव आहे. लेक चौदा वर्षांची असताना ज्यांच्याकडे शिकत होती ते कोच मुलींचं वजन सगळ्यांसमोर करून आकडे मोठ्याने वाचायचे. मला कळलं होतं. मीही याच धंद्यातली, दुसऱ्याच्या कोर्टवर कशाला बोलू, म्हणून चार महिने गप्प राहिले. तोवर तिने सरावाच्या दिवशी पाणी पिणं कमी केलं होतं.

तक्रार करायची तर अशी करा. सामन्याच्या दिवशी नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्या. मुलासमोर नाही, इतर पालकांच्या गटात तर नाहीच. जे पाहिलं ते आधी सांगा, अर्थ नंतर काढा: "मंगळवारी वजनाचा आकडा मोठ्याने वाचला गेला, तो तिला खूप लागला आहे. हे बंद करता येईल का?" माझ्या मुलाला कमी खेळवता, अमक्याला जास्त, असली तुलना नको, मी स्वतः ती ऐकली की कान मिटते. दोनदा बोलून फरक पडला नाही तर कोच बदला. शिवीगाळ, मारहाण, नको तिथे स्पर्श यासाठी मात्र ही रात्रभर थांबण्याची रीत नाही. त्याच दिवशी मूल तिथून काढायचं आणि कोचच्या वरच्यांकडे तक्रार द्यायची.

राहिलं खेळ सोडणं. "मला नाही खेळायचं" हे हरलेल्या संध्याकाळी आलं तर ऐकून घ्या, निर्णय नको. दोन आठवड्यांनी, सराव चांगला झालेल्या दिवशी पुन्हा विचारा. दुहेरीतल्या जोडीदाराला अडचणीत टाकायचं नाही म्हणून चालू स्पर्धा पूर्ण करायला लावा. मग खरंच सोडू द्या. कोचला मूल स्वतः सांगेल, तुम्ही शेजारी उभे राहा. किती वर्षं, किती पैसे, किती पहाटे, हा हिशेब काढू नका.

माझ्या लेकीने सतराव्या वर्षी सोडलं. रॅकेट दोन वर्षं कपाटावर होती. गेल्या महिन्यात तिने मैत्रिणींबरोबर खेळायला म्हणून ती काढली, ग्रिप चिकट झाली होती. "नवी बांधून देतेस?" म्हणाली. मी बांधून दिली. कसं खेळलीस ते विचारलं नाही. परत येताना गाडीत ती जागी होती.